टॉवेलची बेल

"चार दिवस झाले सांगतेय, बाथरूमचा नळ गळतोय. पण नाही. ह्या माणसाला नळ गळताना दिसत नाही, मी गळताना दिसत नाही, आणि सगळं अंगाशी आलं की म्हणणार, तू बोलली नाहीस. बोलले नाही म्हणे. बोलून बोलून माझी जीभ चमच्याएवढी राहिलीय."

सासूबाई हे सगळं मटार सोलता सोलता बोलत होत्या, सासऱ्यांच्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर बसून. सासरे पेपर वाचत होते. मध्येच त्यांनी पेपर खाली केला, हात लांब करून चार दाणे तोंडात टाकले आणि समाधानाने म्हणाले, "आज घरात किती शांत वाटतंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. आमच्या घरात अशा वेळी प्रत्येकाकडे काहीतरी ओवायला असतं.

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या बाबांना, अख्खा बाजार 'कान' म्हणायचा. रेडिओ, स्पीकर, अँप्लिफायर दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं, चव्वेचाळीस वर्षं. गिऱ्हाईक खोकं घेऊन पायरी चढेपर्यंत बाबा आतल्या घरघरीवरून सांगायचे, कुठला कंडेन्सर गेलाय. आधी ऐक, मग उघड, हा त्यांचा पहिला नियम. ऐकून नाही सापडलं तर दुसरा. यंत्र उघडं करून टेबलावर ठेवायचं, एकेका भागाला मीटर लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "सप्लाय बरा. फ्यूज बरा. ट्रान्सफॉर्मर बरा." बरे आहेत ते सगळे बाजूला केले की शेवटी जो उरतो तो चोर. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातले हरवलेले चष्मेसुद्धा ते याच पद्धतीने शोधायचे. फ्रीजवर बरं, कपाटात बरं, म्हणजे आईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, डोक्यावर.

पाच वर्षांपूर्वी एक अँप्लिफायर तीनदा परत आला. गिऱ्हाईक म्हणायचं, अजून गुणगुणतोय. बाबा म्हणायचे, कुठे गुणगुणतोय, स्वच्छ आहे. चौथ्यांदा गिऱ्हाईकच आलं नाही. महिन्याभरात बाबांनी दुकान बंद केलं. "लोक हल्ली दुरुस्त करत नाहीत, नवीनच घेतात," असं ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हल्लीच्या लोकांना नावं ठेवली. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दुकान गेलंय," त्या म्हणाल्या. "आता कान पण गेला, असं त्यांना कोणी सांगायचं नाही. कळलं?"

कळलं. पाच वर्षं कळलेलं होतं.

बाबांचंही काही अडत नव्हतं. त्यांनी तीन उत्तरं बसवून घेतली होती. "बघू", "मी तेच म्हणतोय" आणि एक छोटंसं हसणं. जगातला कुठलाही प्रश्न घ्या, या तिनांपैकी एक उत्तर त्याला लागू पडतंच. या भांडवलावर ते इमारतीच्या सोसायटीचे सलग दोन वर्षं अध्यक्ष होते, आणि इतका शांत, सगळ्यांचं ऐकून घेणारा अध्यक्ष पुन्हा मिळाला नाही असं लोक अजून म्हणतात. आमच्या टीव्हीचा आवाज तळमजल्यापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल राहतात. आयुष्यभर लोकांना 'शू' करून पोट भरलेला माणूस. तेही जिन्यात भेटले की इतकंच म्हणायचे, "तुमच्यामुळे बातम्या घरबसल्या कळतात." पुढे काही नाही. सगळेच सभ्य.

मग एका मंगळवारी आई पडल्या.

मी पडद्यांच्या दुकानात कामावर, नवरा त्याच्या विमा कचेरीत. घरात दोघंच. आई बाथरूममध्ये कपडे धुवायचं मशीन लावायला गेल्या आणि ओल्या फरशीवरून पाय सरकला. मशीनच्या आकड्यांवर तेव्हा बावन्न मिनिटं बाकी होती. बाबा पलीकडच्याच खोलीत एका जुन्या ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळत बसले होते. मध्ये एक भिंत, तीही अर्ध्या विटेची. आईंनी आधी "अहो" म्हटलं, मग "अहो, ऐकलंत का" म्हटलं, मग जे म्हटलं ते मला त्यांनी सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही. बाबांना चहाची तल्लफ आली आणि ते उठून बाहेर आले, तेव्हा मशीनवर चौदा होते.

हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. पण बाबांचे हात दोन दिवस थरथरत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू हाक हळू मारलीस."

"हो," आई म्हणाल्या. "हळूच मारली."

त्या रात्री जेवताना ठरलं की काहीतरी केलं पाहिजे. काय झालंय हे सोडून आम्ही सगळ्यावर बोललो. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी बाजारातून एक तयार यंत्र आणलं. बटण दाबलं की दुसऱ्या खोलीत दिवा लुकलुकणार. अगदी हवं तेच. फक्त खोक्यावर हाताएवढा कान छापलेला आणि त्या कानावर तिरपी लाल रेघ. आईंनी ते खोकं बघताच पदराखाली घेतलं आणि माझ्या पडद्यांच्या नमुन्यांमागे नेऊन कोंबलं. ते अजून तिथेच आहे.

"घरी बनवलं तर?" मी म्हणाले. "खोकंच नसेल तर चित्रही नाही."

माझं शिक्षण म्हणाल तर शिवण मी स्वतः शिकले, आणि बाकीचंही तसंच. एकदा एका नाटकवाल्यांनी झगमगणारा झगा शिवायला दिला होता. त्याच्या घेरात दिवे लावता लावता मी ते प्रोग्रॅम भरून चालवायचं, दिव्यांना हुकूम सोडणारं छोटं मॉड्यूल हाताळायला शिकले. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, दोन्ही कडांना पंधरा-पंधरा पाय, झुरळाच्या नात्यातलं वाटावं असं. पण त्याला एकदा नीट समजावून सांगितलं की ते सांगितलेलं करतं, आणि केल्याचं कौतुक मागत नाही. घरात असं दुसरं कोणी नव्हतं.

मोठ्या नणंदबाई दुसऱ्या शहरात एका कंपनीत माणसं नेमायच्या आणि काढायच्या खात्यावर आहेत. लोकांना काढायचं असतं तेव्हा 'तुम्हाला नव्या वाटा मोकळ्या करून देतोय' असं त्या म्हणतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं.

"बाबांना काय सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"तेच तर विचारतेय, ताई."

"टॉवेल विसरतो ना माणूस बाथरूममध्ये? त्याची बेल म्हण. टॉवेलची बेल. कोणाचा अपमान नाही."

आणि नाव पडलं. बाथरूममध्ये फरशीपासून वीतभर उंचीवर एक दोरी लोंबकळणार, पडद्याचीच, माझ्याकडे वाराने होती. पडलेल्या माणसाच्या हाताला यावी म्हणून इतकी खाली. दोरी ओढली की बाबांच्या खोलीत, पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरात आणि बाल्कनीत मिळून चार दिवे पेटणार, आणि बाबांच्या खुर्चीखाली एक मोटर थरथरणार. टॉवेल विसरला म्हणून.

मी आधी सगळं त्या भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्टीवर तारा खोचून जोडलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी आईंनी धूळ पुसली आणि निम्म्या तारा फडक्याबरोबर गेल्या. तेव्हा ठरवलं, आता नीट सर्किट बोर्डच करून घ्यायचा. कॉम्प्युटरवर आखायचा, कारखान्याला पाठवायचा, ते छापून देतात. कमीत कमी पाच नग.

पण घरात चव्वेचाळीस वर्षांचा तज्ज्ञ बसलेला असताना त्याला न दाखवता बोर्ड पाठवणं म्हणजे वैद्याच्या घरी राहून बाहेरचा काढा पिणं. मी सर्किटचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. खरं तर कागदावर आमचं दोघांचं फार छान जमायचं. पेन्सिल घेऊन मी एक रेघ काढायची, त्यांनी ती खोडायची. तासभर बसलो तरी कोणाला ओरडावं लागायचं नाही, आणि बाबांची ती तीन उत्तरं दिवसभर खिशातून बाहेर यायची नाहीत.

त्या रविवारी नवराही शेजारी येऊन बसला, आणि ताई फोनच्या पडद्यावर.

बाबांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. "एका टॉवेलसाठी चार दिवे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कचेरीत नकाराची पत्रं लिहितो, त्यामुळे अशा वेळी उपयोगी पडतो. त्याने पेन्सिल घेऊन कागदावर लिहिलं, 'सजावट'.

"आणि ही मोटर माझ्या खुर्चीखाली का?"

फोनमधून ताई ओरडल्या, "मसाज!" नवऱ्याने तेही लिहिलं.

बाबा चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते खरं काय ते म्हणणार. पण ते म्हणाले, "आणि आवाज कुठे आहे? बेल म्हणता आणि आवाजच नाही? तुमची पिढी पुटपुटते, आता तुमची यंत्रंही पुटपुटायला लागली."

आवाज कशाला नको, हे सांगायला एकच कारण होतं, आणि ते त्या टेबलावर आणायची कोणाची छाती नव्हती. बाबा उठले, कोठीत गेले आणि बारा व्होल्टचा एक भोंगा घेऊन आले. कुठल्यातरी ट्रकचा असावा, त्याला अजून चिखल होता. माझ्या कागदावर त्यांनी सुंदर हाताने ट्रान्झिस्टर काढला, भोंगा काढला, बाणाने जोडला. आणखी एक छोटासा रेझिस्टर काढून त्यावर दोनदा गोल केला. "हा विसरू नकोस. मॉड्यूल झोपेत असतं तेव्हा ट्रान्झिस्टरचा पाय हा धरून ठेवतो. नाहीतर तो आपल्या मनानेच हुकूम सुटला असं समजतो."

"बाबा, इतका मोठा भोंगा..." मी तोंडाने म्हणाले.

"मी तेच म्हणतोय," बाबा म्हणाले.

अशा रीतीने ज्या एका गोष्टीचा त्या घरात काडीचा उपयोग नव्हता, तिने बोर्डाचा पाव भाग व्यापला. तिला जागा करून देताना मी इतक्या तारांबळीत होते की तो दोन गोलांतला छोटा रेझिस्टर राहूनच गेला. आणि दुसरी चूक तर माझ्या हाडात मुरलेली. शिंप्याचा हात कापडाच्या उलट्या बाजूवर खडूने आखतो, म्हणजे सुलट बाजूवर डाग पडत नाही. वीस वर्षांची सवय. मी मॉड्यूल पालथं घातलं, पाय वर, पट्टीने एकेक पाय मोजला, आकृती बरहुकूम उतरवली. फक्त ती पोटाकडून बघितलेली होती, आणि कारखान्याला मी ती पाठीची म्हणून पाठवली.

दोन आठवड्यांनी पाकीट आलं. पाच बोर्ड, हिरवेगार, कोपरे गोल, अक्षरं पांढरी. माझ्या हातून इतकी देखणी वस्तू कधी झाली नव्हती. बाबांनी एक उचलला, शेजारी मॉड्यूल धरलं, आणि तीन सेकंदात हसायला लागले. नेहमीचं ते छोटं हसणं नव्हे, पोट धरून.

"अगं, बाही उलटी लावलीस."

मी बघितलं. डावीकडची रांग उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. पाचही बोर्डांवर एकसारखी, अगदी इमानदारीने. मला रडू यायला लागलं, कारण चार आठवडे झाले होते, बाथरूमची फरशी रोज ओली व्हायची, आणि मी रोज दुकानात पडद्यांना चुण्या घालताना घड्याळाकडे बघून मनात म्हणायची, आत्ता जर त्या पडल्या.

बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "रडतेस काय? उलटी बाही झगा उलटा केला की सुलटी. मॉड्यूल बोर्डाच्या पोटाला लाव. खालून." आणि त्यांनी स्वतः सोल्डरिंग आयर्न तापवलं. तीस पाय. हात जराही हलला नाही. मॉड्यूल बोर्डाखाली वटवाघळासारखं लटकलं, आणि प्रत्येक पाय आपापल्या घरी पोचला.

रविवारी दुपारी उद्घाटन. बोर्ड बाबांच्या टेबलावर, भोंगा शेजारी, दिव्यांच्या तारा चारी दिशांना गेलेल्या. ताई फोनवर, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. आई दारात, हातात मटारचं भांडं. मी मॉड्यूलमध्ये प्रोग्रॅम भरायला लॅपटॉप उघडत होते. एवढ्यात बाबा म्हणाले, "आधी नुसती वीज तर देऊन बघू," आणि त्यांनी बटण दाबलं.

मॉड्यूल रिकामं होतं, डोक्यात काहीच नव्हतं. त्याचा भोंग्याकडचा पाय मोकळा लोंबकळत होता, धरून ठेवणारा तो रेझिस्टर माझ्या विस्मरणामुळे राहिलेला. ट्रान्झिस्टरने बाबा म्हणाले होते तसंच केलं. हुकूम सुटला असं समजला.

भोंगा वाजला.

मी आयुष्यात तसा आवाज ऐकलेला नाही. खिडकीची काच वाजायला लागली. आईंच्या हातातलं भांडं पडलं, ते पडल्याचं फक्त दिसलं. नवऱ्याने दोन्ही कान दाबले, मी दाबले, फोनमध्ये ताईंनी दाबले. जिन्यात दारं उघडली. पायात एकच चप्पल घातलेले ग्रंथपाल आमच्या दारात येऊन उभे राहिले, कानांवर हात.

बाबा बोर्डावर वाकले होते. "लाईट आला," ते म्हणाले. "भोंगा काही बोलत नाही."

मी बटणाकडे हात नेला. आईंनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. मला त्यांचं लगेच समजलं, इतकी वर्षं एका घरात काढलीत. बटण बंद करायचं म्हणजे तो चालू होता हे सांगायचं.

बाबांनी वर पाहिलं.

आमचे सगळ्यांचे हात एका क्षणात खाली आले. चेहरे सरळ. नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं, जणू हवा कशी आहे ते बघतोय. डोळ्यांत पाणी तरारलेलं असताना ग्रंथपाल हसले, आणि त्यांच्या ओठांवरून मला कळलं की ते म्हणतायत, "काही नाही, सहज आलो होतो." त्या भयंकर आवाजात आम्ही चार सुशिक्षित माणसं शांततेत उभं राहिल्यासारखी उभी होतो.

फक्त आईंनी हात खाली घेतले नाहीत. माझं मनगट सोडून त्यांनी दोन्ही कान दाबले होते, आणि त्या बाबांकडेच बघत होत्या.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मीटर ओढला. लाल टोक इथे, काळं टोक तिथे. ओठ हलले. आम्हाला ऐकू आलं नाही, पण शब्द पाठ होते. सप्लाय बरा.

टोकं पुढे सरकली. ट्रान्झिस्टर बरा.

मग भोंग्याच्या दोन तारांवर. मीटरवर बारा व्होल्ट. बाबांनी मीटर खाली ठेवला. उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली आणि डॉक्टर नाडी बघतो तशी भोंग्याच्या पत्र्यावर टेकवली. बोटं थरथरत होती. या वेळी ती भोंग्यामुळे थरथरत होती. बराच वेळ त्यांनी ती तिथेच ठेवली.

भोंगा बरा.

टेबलावर तपासायचं दुसरं काही उरलं नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि आईंकडे वळले. गेली पाच वर्षं ते घरात नेहमी मोठ्याने बोलत आलेत. हे मात्र ते हळू म्हणाले असावेत, कारण मानेची शीरही हलली नाही. भोंगा चालूच होता. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो, आजवर ते आमच्या ओठांकडे बघत आले तसे, आणि तिथे स्पष्ट दिसलं:

"मला ऐकू येत नाही."